कुडापलीकडचे गुरुजी

किसन गुरुजी,

परवा लातूरला तुमच्या शोकसभेत एका वक्त्यानं तुम्हाला मितभाषी आणि मृदू आवाजाचे म्हटलं. मला हसू आलं. शोकसभेत हसू आलं की माणूस जे करतो तेच मी केलं, पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. अहो, तुमचा आवाज आणि मृदू? तुम्ही तिसरीला भूगोल शिकवायला लागलात की रस्त्यानं जाणारा गाडीवान बैल थांबवून ऐकायचा. तुमच्यामुळं शाळेचे पत्रे थरथरतात असं मी म्हणायची, आणि तुम्ही म्हणायचात, "बाई, पत्रेच ढिले हायेत, झेडपीला लिहा." त्या वक्त्यानं तुम्हाला आजारपणात पाहिलेलं असणार. त्याला माफ करून टाका.

मला भाषण करायला उठवलं होतं. मी दोन मिनिटं बोलले आणि बसले. जे बोलायचं होतं ते एवढ्या लोकांपुढं बोलवेना. म्हणून आता घरी बसून लिहितेय. शुद्धलेखन तपासायला तुम्ही नाही, तेव्हा जरा मोकळेपणानं लिहीन.

आपली शाळा द्विशिक्षकी. शिरूर अनंतपाळच्या पुढं कच्च्या रस्त्यानं जायचं, एक खोली, चार वर्ग, दोन मास्तर. पूर्वेच्या भिंतीला माझा फळा, पश्चिमेच्या भिंतीला तुमचा. माझी पहिली-दुसरी माझ्याकडं तोंड करून, तुमची तिसरी-चौथी तुमच्याकडं. म्हणजे पोरं एकमेकांकडं पाठ करून बसलेली आणि आपण दोघं साठ डोक्यांवरून दिवसभर समोरासमोर. संसारात नवरा-बायको एकमेकांची तोंडं एवढी बघत नाहीत. तुमची पोरं मोठ्यानं म्हणायला लागली की माझी पाटीवर लिहायची, माझी म्हणायला लागली की तुमची गणितं सोडवायची. हे वेळापत्रक कुठं लिहिलेलं नव्हतं. शाळा सुटायच्या आधी मात्र चारही वर्ग मिळून पाढे. तुम्ही पुढचं म्हणायचं, पोरांनी मागचं. "बारा चोक?" की साठ तोंडांतून "अठ्ठेचाळीस!" गावातल्या बायका त्या आवाजावर चूल पेटवायच्या.

मी त्या शाळेत आले ती दुष्काळाच्या साली. नवी नोकरी, नवं लग्न, पिशवीत पाठ-टाचणाची वही. आमच्या ह्यांचं गावात किराणा दुकान होतं म्हणून मुद्दाम हीच शाळा मागून घेतली होती. पहिल्या दिवशी बघते तर शाळेला कुलूप. गाव सगळं पाझर तलावाच्या कामावर, आणि तुम्हीही तिकडंच. मी तणतणत तिथं गेले. एका बाभळीखाली चाळीसेक पोरं, समोर तुम्ही, आजूबाजूला खडी फोडणाऱ्यांचा दणदणाट, आणि त्या दणदणाटाच्या वर तुमचा आवाज. फळा नाही, खडू नाही. मी म्हटलं, शाळा सोडून इथं काय चाललंय? तुम्ही घाम पुसत म्हणालात, "बाई, शाळेत आता निस्त्या पाली हायेत. त्यांला शिकवू का?"

माझा राग गेला नाही, पण दुसऱ्या दिवशी मी माझी पहिली-दुसरी घेऊन शेजारच्या बाभळीखाली बसले. पूर्ण उन्हाळा तुमच्याशी आवाजाची बरोबरी करण्यात माझा घसा गेला. तुमचा तिथं कमावला गेला. नुसत्या आवाजावर शिकवायचं कसं ते तुम्ही त्या बाभळीखाली शिकलात. पुढं त्याचा उपयोग कशाला होणार आहे हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मग पाच-सहा वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. कोणत्या नावाला विरोध होता आणि का, हे इथल्या कुणालाच सांगायला नको. एसट्या बंद, रस्त्यांवर झाडं आडवी, वस्त्यांमधून धूर. त्या दिवसांत तुमच्या समाजातला शिकलेला, पगारी, खिशाला पेन लावणारा माणूस मुद्दाम हुडकून काढला जात होता. शिक्षक तर पहिले. शेतात राबणाऱ्यापेक्षा फळ्यापुढं उभा राहणारा लोकांच्या डोळ्यांत जास्त खुपत होता. शाळांना सुट्टी होती. तुम्हाला घरात बसा म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं. तुम्ही सकाळी शाळेत गेलात, का, तर जनरल रजिस्टर काढून सुरक्षित ठेवायला. साऱ्या गावाच्या पोरांच्या जन्मतारखा त्यात आहेत, ते जळलं तर एकाला दाखला मिळणार नाही, हे तुमचं म्हणणं. जाळायला येणाऱ्यांच्या पोरांचे दाखले वाचवायला तुम्ही गेलात.

त्यांनी तुम्हाला शाळेच्या पायरीवर धरलं. लिहिण्याचा हात कोणता, असं आधी विचारलं. मग उजवा हात पायरीवर दाबून दगडानं ठेचला. हे तुम्ही मला पुढं कधीतरी असं सांगितलंत, जसं कुणी दुसऱ्याचं सांगतं. मी कळवळून म्हटलं, गुरुजी, डावा हात सांगायचा होतात. तुम्ही म्हणालात, "कसं सांगू? त्यातले दोघं माझ्याच चौथीतून गेलेले. त्यांला ठावं हाय की." आणि हसलात. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

तुम्ही जबानीत नावं दिलीत, सगळी. साक्षीला गावातला एकही माणूस उभा राहिला नाही आणि खटला विरून गेला. तुम्हाला आधी लातूरच्या, मग नांदेडच्या दवाखान्यात हलवलं आणि तिथून सुभद्रावहिनी तुम्हाला आपल्या माहेरी कंधारला घेऊन गेल्या. पोळा गेला, दसरा गेला, तुमचा पत्ता नाही. मी एकटी चार वर्ग सांभाळत होते.

आता ते लिहिते जे परवा बोलता आलं नाही.

तुम्ही कंधारला असताना एका दुपारी तात्या आमच्या दुकानात आले. तात्या म्हणजे गावचे पाटील आणि शाळा समितीचे अध्यक्ष, गावात पान त्यांना विचारून हलायचं. हातात एक अर्ज. शाळेतील वातावरण बिघडू नये म्हणून सदर शिक्षकांची अन्यत्र बदली व्हावी, अशी नम्र विनंती. खाली अठरा सह्या आणि अंगठे. तात्या आवाज न चढवता म्हणाले की शाळेतल्या बाईंचीच सही नसली तर अर्जाला वजन येत नाही. आणि दुकानाकडं एकदा नजर फिरवून म्हणाले की गिऱ्हाईक काय, कुठूनही माल घेतं, शिरूर काही लांब नाही. आमचे हे खाली बघत पुड्या बांधत होते. मी सही केली, गुरुजी. एकोणिसावी.

पुढं मी मनाशी पुष्कळ सारवासारव केली. तुमच्या जिवाचा धोका टळेल, दुसरीकडं सुखानं राहाल, वगैरे. खरं एवढंच की मी घाबरले होते. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. उरलेल्या सगळ्या वर्षांत नाही.

अर्जाचं उत्तर काही आलं नाही. सरकारी कागद, कुठंतरी जाऊन पडला असेल म्हणून मीही विसरल्यासारखं केलं. आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही दारात. हात गळ्यात बांधलेला, अंगावर धुतलेला पांढरा सदरा, चेहरा निम्मा झालेला. कालच सुट्टीवर गेल्यासारखे आत आलात, हजेरीपत्रकावर डाव्या हातानं कशीबशी सही केलीत आणि मला म्हणालात, "बाई, माझी चौथी कुठवर आली?" मी चौथीचं पुस्तक तुमच्या पुढ्यात ठेवलं. सुभद्रावहिनी बाहेर उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी गावानं पोरं पाठवली नाहीत. तिसऱ्या दिवशी तात्यांनी तोड काढली. खोलीच्या मधोमध तुराट्यांचा कूड घालायचा. एका बाजूला गावाची चारही वर्गांची पोरं आणि मी. दुसऱ्या बाजूला वस्तीतली अकरा पोरं आणि तुम्ही. वरिष्ठांना कळवायची गरज नाही, तात्पुरती सोय आहे. मी हो म्हटलं. मागल्या साली रचून ठेवलेल्या तुरीच्या काड्या आणल्या, आडव्या कामट्या बांधल्या आणि दुपारपर्यंत आपल्यामध्ये भिंत उभी राहिली. सहा वर्षं समोर दिसणारे तुम्ही दिसेनासे झालात.

त्या संध्याकाळी आपलं जे भांडण सुरू झालं ते तुमच्या शेवटच्या फोनपर्यंत मिटलं नाही. तुमचं म्हणणं, मी शाळेला कुलूप लावून तालुक्याला किल्ली नेऊन द्यायला हवी होती. कूड घातलेली शाळा ही शाळाच नव्हे, पोरं त्यात पहिला धडा कुडाचाच शिकणार. माझं म्हणणं, कुलूप लावलं असतं तर आठ दिवसांत तुमची बदली झाली असती. कूड का होईना, तुम्ही शाळेत होतात. तुम्ही म्हणायचात, "बाई, तुम्ही कूड कामून होऊ दिला ते सांगा, कुलपाचं मी सांगतो." मी म्हणायची, तुम्ही घरी बसून पगार घ्यायला तयार होतात का? गुरुजी, आज कबूल करते, तुमचं बरोबर होतं. आणि तरी, जे पुढं घडलं ते कूड होता म्हणूनच घडलं. तेव्हा माझंही थोडं बरोबर होतं. एवढं मला असू द्या.

कारण झालं असं, की तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं वळेनात. खडू धरता येईना. डाव्या हातानं फळ्यावर लिहायला बघितलंत तर रेघा कोंबड्यांनी उकरल्यासारख्या. तेव्हा तुम्ही फळा सोडून दिलात आणि पाझर तलावावर करायचात तसं सगळं तोंडानं शिकवायला लागलात. गणित तोंडानं. इतिहास तोंडानं. नकाशासुद्धा तोंडानं, "डाव्या खांद्याला अरबी समुद्र, पायाशी कन्याकुमारी." तुमचा लिहिता हात मोडणाऱ्यांनी एवढा विचार केला नव्हता. तुम्ही फळ्यावर लिहिलेलं कुडानं अडवलं असतं. आवाज तुराट्यांनी अडतो होय?

मला चार वर्ग आवरेनात. पहिली-दुसरीला अक्षरं गिरवायला लावून तिसरी-चौथीकडं वळावं, तर ती पोरं अगदी शहाण्यासारखी माना खाली घालून बसलेली. मला वाटायचं, काय गुणी पोरं आहेत. ती ऐकत होती, गुरुजी, तुमचं. पलीकडून तुम्ही प्रश्न टाकलात की इकडं ओठ हलायचे. आणि संध्याकाळी पाढ्यांची वेळ आली की मग कुणाचंच काही चालायचं नाही. तुम्ही तिकडून "तेरा सत्ते?" म्हटलंत की अकरा तोंडांचं उत्तर यायला हवं होतं. पहिल्या दिवशी अकराच तोंडांचं आलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूचं एक पोरगं चुकून "एक्क्याण्णव" म्हणून गेलं आणि जीभ चावून माझ्याकडं बघायला लागलं. मी खिडकीबाहेर बघितलं. चार दिवसांत पत्रे पहिल्यासारखे थरथरायला लागले.

माघात विस्तार अधिकारी तपासणीला आले. कूड बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण तात्या बरोबर होते, म्हणून ते काही बोलले नाहीत. माझ्या बाजूच्या चौथीला त्यांनी विचारलं, मांजरा नदीला कोणत्या नद्या मिळतात. तात्यांची नात शकुंतला उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "तेरणा, मन्याड आणि लेंडी. लेंडी लहान आहे म्हणून तिला विसरायचं नाही." साहेबांनी पुस्तक उघडून बघितलं आणि विचारलं, हे शेवटचं वाक्य कुठं आहे, बाई, हे तुम्ही शिकवलंत का? माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत शकुंतला म्हणाली, "न्हाई सर, हे कुडापल्याडच्या गुरुजींचं हाय. समदं त्यांचंच हाय."

कुडापलीकडं तुम्ही त्या क्षणी गप्प झालात. तुम्ही शाळेच्या वेळात गप्प झालेले मी पहिल्यांदाच ऐकले. तात्यांचा चेहरा पडला होता. साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ठाऊक आहे ना, "दोन्ही बाजूंची प्रगती समाधानकारक." तुम्ही ते वाचून असे भडकलात की बस. साहेब कूड काढा म्हणाले नाहीत, वर कुडाला सरकारी दप्तरात जागा दिली, हा तुमचा राग. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन खुशीत शेवया केल्या.

तात्यांनी यातून एकच धडा घेतला, की कुडाला भेगा आहेत. समितीत ठरलं, कूड दोन्ही बाजूंनी लिंपून घ्यायचा. शेणमातीनं भेगा बुजवल्या की आवाज यायचा नाही. वर पत्र्यापर्यंत हातभर मोकळी जागा होती, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण लिंपण हे काही पुरुषांचं काम नव्हे. ते ठराव करतात, लिंपायला बायकाच लागतात. तेव्हा घराघरातून निरोप गेला आणि चैत्रातल्या एका सकाळी पंधरा-सोळा बायका शाळेत आल्या. पुढं शकुंतलेची आई, तात्यांची सून कमळाबाई.

गुरुजी, तुम्ही त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला होतात, म्हणून हे मी तुम्हाला निदान शंभर वेळा सांगितलं असेल. तरी अजून एकदा ऐका. त्या साली पुन्हा पावसानं दगा दिला होता. गावच्या आडाला खडखडाट, पाणी दोन कोसांवरनं डोक्यावर आणायचं. बायका कुडापुढं उभ्या राहिल्या. माती होती, शेण होतं. कमळाबाईंनी कूड वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "दोन कोसावरनं पाणी आणून ह्या तुराट्यांला पाजायचं व्हय?" मग त्यांनी एक तुराटी उपसून दोन्ही हातांनी मोडून बघितली. कडकन मोडली. "वाळल्यात. चुलीला चांगल्या हायेत," म्हणाल्या, आणि कवळाभर उपसून डोक्यावर घेतल्या.

त्यांच्या मागून दुसरीनं. मग तिसरीनं. जळण गोळा करायला आल्यासारख्या त्या कामाला लागल्या होत्या. जळणाची टंचाई होतीच. अर्ध्या तासात माझ्या बाजूची पोरं आणि तुमच्या बाजूची अकरा पोरं एकमेकांकडं बघत बसली होती आणि मधे नुसती रिकामी जमीन. त्या दिवशी गावातल्या पंधरा-सोळा घरांत भाकरी भाजल्या गेल्या त्या तुमच्या कुडावर. तात्यांच्या घरीसुद्धा. तात्या जेवले असतील ना त्या भाकरी. सुनेला जाब विचारायचा तर आधी ताटावरून उठावं लागलं असतं.

तुम्ही परत आलात आणि दारातच थबकलात. मी म्हटलं, गुरुजी, क्रांती झाली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "क्रांती न्हाई बाई, सरपण." पण तुमचे डोळे भरले होते. मी बघितलं. त्या साली चौथी सगळीच्या सगळी पास झाली. शकुंतला केंद्रात पहिली आली, आणि वस्तीतला एकही पोरगा मागं राहिला नाही. पेढे तात्यांच्या घरून आले. तुम्ही एक घेतलात. मी म्हटलं घेऊ नका. तुम्ही म्हणालात, पेढा शकुंतलेचा आहे.

सगळं गोड झालं असं कुणाला वाटायला नको. काही घरांनी पोरं शिरूरच्या शाळेत घातली. तुमचा हात ठेचणाऱ्यांतले जे दोघं तुमच्याच चौथीतले, त्यांपैकी एकजण पुढं आपल्या मुलीला घेऊन तिसरीत नाव घालायला आला. तुम्ही तिचं नाव, जन्मतारीख डाव्या हातानं लिहून घेतलीत, तिला पहिल्या रांगेत बसवलंत आणि त्याच्याकडं मान वर करून बघितलंही नाही. मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाहीत. मला ते आवडलं होतं.

आणि मग लातूर जिल्हा झाला. गावोगाव फटाके वाजले. जुन्या मुख्यालयातून गाडीभर फायली लातूरला आल्या, आणि शिक्षकांकडून विकल्प मागवले, जुन्या जिल्ह्यात राहणार की नव्यात. कागद बघून मला वाटलं, देवानंच वाट काढून दिली. जुना जिल्हा घेतलात तर गाव आपोआप सुटतं, आणि किसन गुरुजी पळाला असं कुणालाही म्हणता येणार नाही. तुम्ही सेवापुस्तकातल्या नोंदी तपासायला लातूरच्या कचेरीत जाऊन आलात. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला समजावलं, की आता मोठ्या मनानं बाहेर पडा, पुरे झालं, वहिनींचा विचार करा. तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत. मग विचारलंत, "बाई, तुम्हाला खरंच वाटतं का, मी जावं?"

मी म्हटलं, हो.

तुम्ही "बरं" म्हणालात. कागद पुढं ओढलात. त्या न वळणाऱ्या बोटांत पेन अडकवून, डाव्या हातानं मनगट धरून, उजव्या हातानं लिहिलंत, "नवा जिल्हा. हीच शाळा." मला तेव्हा वाटलं, काय हट्टी माणूस आहे. मी चिडून फळा पुसायला गेले.

काल मी वहिनींना भेटायला गेले होते. घरात माणसं येत-जात होती. दुपारी जरा मोकळं झालं तेव्हा आम्ही दोघीच बसलो. त्यांनी माझ्यासाठी भाकरी टाकली. मला ती गिळवेना. मी म्हटलं, वहिनी, मला एक सांगायचंय. आणि सांगून टाकलं. दुकान, तात्या, अर्ज, एकोणिसावी सही. मान खाली घालून बोलत होते, पोरं चूक कबूल करताना करतात तशी.

वहिनी म्हणाल्या, "त्यांला ठावं व्हतं, बाई."

नव्या जिल्ह्याच्या वेळी कचेरीत गेलात तेव्हा तुमच्या फायलीतच तो अर्ज तुम्ही बघितला होता. इतकी वर्षं तिथंच पडून होता, ना मंजूर, ना नामंजूर. घरी येऊन तुम्ही वहिनींना एकोणीस नावं हजेरी घेतल्यासारखी सांगितलीत. माझं शेवटी. त्या दिवसापर्यंत तुमचं जायचं जवळजवळ ठरलं होतं, हेही मला कालच कळलं. वहिनींनी भांडी बांधायला काढली होती. अर्ज बघून आलात आणि म्हणालात, मी गेलो तर ह्या कागदाचं खरं होतं, मी जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलंत, मी जावं का, आणि मी परत एकदा हो म्हटलं. गुरुजी, तुम्ही मला संधी देत होतात आणि मला कळलं नाही. पुढं दर भांडणात कुडाचा विषय काढायचात तेव्हाही तेच करत होतात की काय, हे आता कुणाला विचारू?

मी वहिनींना विचारलं, माझ्या सहीबद्दल काय म्हणाले?

त्यांनी ताट परत माझ्यापुढं सारलं. "म्हणले, बाईचं अक्षर कसं मोत्यावाणी. ह्या कागदावर निस्तं वाकडं आलंय. लई हात कापत असंल त्यांचा."

मी तिथं रडले. पदर तोंडाला न लावता रडले.

मग आम्ही दोघींनी बोटांवर हिशेब घातला. त्या अर्जावरच्या एकोणीस घरांपैकी सतरा घरांतली पोरं किंवा नातवंडं पुढं तुमच्या हाताखाली शिकून गेली. माझी मुलगी त्यातच धरली, दोन वर्षं ती तुमच्या समोर बसली आणि अजून लेंडीला विसरत नाही. निवृत्त होईपर्यंत तुम्ही त्याच शाळेत होतात, त्याच भिंतीपुढं उभे, पत्रे हलवत. गावानं नम्र विनंती केली होती, एकोणीस जणांनी मिळून, आणि तुम्ही एकट्यानं ती नामंजूर केलीत. तुम्ही जिंकलात, गुरुजी. मी हरलेल्यांच्या बाजूला होते आणि आम्ही हरलो याचा मला आनंद आहे.

तुमची,
महानंदा बाई